क्वार्टरबॅक मिळाला, आता पुढचा पैसा कोणावर लावावा?

ओहायोकाठ

मी गेली एकोणीस वर्षे सिनसिनाटीत राहतो आणि तेवढीच वर्षे येथील बेंगल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे सामने पाहतो. सप्टेंबर २०२५ मध्ये, हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात, जॅक्सनविलच्या बचावफळीने आमचा क्वार्टरबॅक जो बरो याला पाडले आणि त्याच्या पायाच्या अंगठ्यावर शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली. २०२० मध्ये गुडघा, २०२३ मध्ये मनगट आणि आता अंगठा. त्या संध्याकाळपासून एक जुना प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, ही सर्वांत महत्त्वाची जागा आहे, याविषयी येथे वाद नसावा, अशी विनंती आहे. प्रश्न त्यापुढचा आहे. तो एकदा मिळाला की व्यावसायिक संघाने दुसरा मोठा खर्च कोठे करावा? संघात ५३ खेळाडू असतात आणि त्यांच्या पगारावर लीगने घातलेली मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, २०२५ साठी २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. एका जागी ओतलेला पैसा दुसऱ्या जागेवरून काढावाच लागतो.

माझ्या नजरेसमोर २०२१ चा ड्राफ्ट आहे, म्हणजे विद्यापीठांतून येणाऱ्या खेळाडूंची संघांनी पाळीपाळीने केलेली निवड. बरोचा गुडघा नुकताच मोडला होता. पाचव्या क्रमांकावर आमची पाळी आली तेव्हा पेनेई सेवेल हा टॅकल (क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या पाच जणांच्या फळीत, म्हणजे लाइनमध्ये, कडेला असणारा) आणि जामार चेस हा वाइड रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) असे दोघेही उपलब्ध होते. आमच्या संघाने चेसला घेतले; तो विद्यापीठात बरोच्या जोडीने राष्ट्रीय विजेतेपद जिंकून आला होता. सेवेल दोन क्रमांकांनंतर डेट्रॉइटला गेला. याच संघाकडे १९८० ते १९९२ या काळात अँथनी मुन्योझसारखा लेफ्ट टॅकल होता आणि त्याच्या काळात संघ दोनदा सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, पोहोचला, हे ज्यांना आठवते त्यांना ती निवड तेव्हाच खटकली होती. चेस अलौकिक खेळाडू आहे आणि माझा त्याच्यावर जीव आहे. तरीही माझे मत असे आहे की दुसरा पैसा टॅकलवर लागला पाहिजे. आपल्याला काय वाटते, ते कारणांसह लिहावे.

मेघमल्हार

आपली वेदना समजते, परंतु निष्कर्ष मान्य नाही. चेसने पहिल्याच हंगामात ८१ झेल, १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन (चेंडू मैदानाच्या शेवटच्या पट्ट्यात नेणे) केले आणि आपला संघ सुपर बोलला गेला. त्यापूर्वी सिनसिनाटीने १९९१ च्या जानेवारीनंतर प्लेऑफचा एकही सामना जिंकला नव्हता. ज्या निवडीने तीस वर्षांची कोंडी फुटली, तिला चूक कसे म्हणता येईल?

शिवाय बरोला त्या हंगामात ५१ वेळा सॅक केले गेले, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडले गेले, जे लीगमध्ये सर्वाधिक होते, आणि प्लेऑफमध्ये टेनेसीने त्याला नऊ वेळा पाडले, तरीही तो सामना सिनसिनाटीने १९–१६ असा जिंकला. याचाच अर्थ असा की भक्कम लाइन नसतानाही उत्कृष्ट क्वार्टरबॅक आणि उत्कृष्ट रिसीव्हर ही जोडी सामना जिंकू शकते. याउलट चेंडू झेलणारा कोणीच नसेल, तर क्वार्टरबॅकला मिळालेल्या पाच सेकंदांचे तो काय करणार?

अनघा_डेट्रॉइट

सेवेल आमच्याकडे आल्यामुळे मी या विषयात तटस्थ नाही, हे आधीच सांगते.

डेट्रॉइटने जानेवारी १९९२ नंतरचा पहिला प्लेऑफ विजय जानेवारी २०२४ मध्ये मिळवला. बत्तीस वर्षे! त्या संघाचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ होता, ज्याला त्याच्या आधीच्या संघाने नको म्हणून आमच्याकडे पाठवले होते. गॉफ पळून जीव वाचवणारा क्वार्टरबॅक नाही. त्याला उभे राहायला स्वच्छ जागा मिळाली तर तो अतिशय अचूक चेंडू फेकतो, आणि ती जागा सेवेलने आणि त्याच्या बाजूच्या चौघांनी तयार केली. डिसेंबर २०२२ मध्ये मिनेसोटाविरुद्ध सामना संपत आला असताना तिसऱ्या डाउनवर, म्हणजे दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्यावर, सात यार्ड हवे होते, तेव्हा आमच्या प्रशिक्षकांनी चेंडू चक्क सेवेलकडे फेकायला लावला आणि त्या धिप्पाड टॅकलने तो झेलून नऊ यार्ड मिळवले. त्या दिवशी आमच्या घरातील सर्वजण उभे राहून ओरडत होते.

आता पैशाचे पाहू. २०२४ मध्ये सेवेलचा नवा करार ४ वर्षांसाठी ११ कोटी २० लाख डॉलरचा झाला, म्हणजे वर्षाला सरासरी २ कोटी ८० लाख. चेसचा २०२५ चा करार वर्षाला सरासरी ४ कोटींहून थोडा अधिक आहे. दोघेही आपापल्या जागेवरील सर्वोत्तमांपैकी आहेत. वर्षाला सव्वा कोटी डॉलर उरत असतील, तर त्यात एक उत्तम गार्ड (लाइनमध्ये टॅकलच्या आतल्या बाजूला असणारा) येण्याइतका वाटा निघतो.

पर्वतीपायथा

मी पुण्यात राहतो आणि हा खेळ गेल्या चार वर्षांपासून पहाटे उठून पाहतो. एक मूलभूत शंका आहे. आक्रमणाच्या फळीतील हे पाच लाइनमन चेंडूला क्वचितच हात लावतात आणि गुण तर जवळजवळ कधीच मिळवत नाहीत. मग त्यांच्यापैकी एकावर इतका पैसा का लावायचा? आणि टॅकललाच मान का, गार्ड किंवा अगदी मधल्या सेंटरला का नाही?

तिसरा_डाउन

पर्वतीपायथा, शंका अगदी योग्य जागी आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे.

उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक चेंडू फेकायला वळला की त्याची पाठ डावीकडे होते. डावीकडून येणारा त्याला दिसत नाही. १८ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरने वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन याला पाडले, त्यात थाइसमनचा पाय मोडला आणि त्याची कारकीर्द तेथेच संपली. त्या रात्री वॉशिंग्टनचा नेहमीचा लेफ्ट टॅकल जो जेकोबी दुखापतीमुळे खेळत नव्हता. टेलरसारख्या वेगवान खेळाडूंना कडेवरून सोडण्याची पद्धत रूढ होत गेली, तसतशी त्यांना एकट्याने थोपवणाऱ्या टॅकलची किंमत वाढत गेली. गार्डला दोन्ही बाजूंना साथीदार असतो; टॅकलच्या बाहेरच्या अंगाला बहुतेक वेळा मोकळे मैदान असते.

पहिल्या भागासाठी कबड्डीचे उदाहरण देतो, कारण ते येथे खरोखर लागू पडते. बचाव करणारे हात धरून साखळी करतात, तेव्हा चढाई करणारा सर्वांत भक्कम जोडीकडे जातो का? तो सैल पकड शोधतो आणि तेथूनच निसटतो. फुटबॉलच्या लाइनचेही तसेच आहे. कोठून घुसायचे हे प्रतिस्पर्धी ठरवतो, त्यामुळे लाइनची किंमत तिच्यातील सर्वांत कच्च्या माणसाइतकी असते. रिसीव्हरच्या बाबतीत नेमके उलटे घडते. कोणाकडे चेंडू फेकायचा हे आपला क्वार्टरबॅक ठरवतो, त्यामुळे तेथे सर्वांत चांगल्या माणसाची किंमत येते. म्हणून एक महागडा रिसीव्हर पूर्ण मोबदला देऊ शकतो. एक महागडा टॅकल मात्र त्याच्या शेजारी कच्चा गार्ड असेल तर देऊ शकत नाही.

ओहायोकाठ यांनी हा मुद्दा विचारात घ्यावा, असे वाटते, कारण तो त्यांच्या मताच्या विरोधात जातो.

सरोवराकाठी

तिसरा_डाउन यांच्या मुद्द्याचा जिवंत पुरावा आमच्या क्लीव्हलँडमध्ये होता. जो थॉमस हा लेफ्ट टॅकल २००७ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर आला. त्याने सलग १०,३६३ स्नॅप, म्हणजे चेंडू मागे देऊन सुरू होणारे डाव, खेळले, एकही न चुकवता, २०१७ मध्ये दंडाचा स्नायू फाटेपर्यंत. तो दहा वेळा प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला आणि २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. या संपूर्ण कारकिर्दीत त्याला प्लेऑफचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. त्याच्या अखेरच्या हंगामात संघ ०–१६ होता, म्हणजे सोळाही सामने हरला.

मी त्या काळातील कित्येक सामने मैदानात बसून पाहिले आहेत. सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्यात दोन जॅकेट घालून बसायचे आणि पाहायचे, तर डावी बाजू अभेद्य आणि बाकी सर्व बाजूंनी पाणी शिरलेले. थॉमसच्या मागे क्वार्टरबॅक येत होते आणि जात होते. जगातील सर्वोत्तम टॅकल असूनही संघ उभा राहत नाही, हे मी अकरा वर्षे पाहिले.

ओहायोकाठ

सरोवराकाठी, थॉमसबद्दल मलाही अपार आदर आहे, परंतु क्लीव्हलँडकडे क्वार्टरबॅकच नव्हता. माझा प्रश्न क्वार्टरबॅक मिळाल्यानंतरचा आहे, त्यामुळे हे उदाहरण पूर्णपणे लागू होत नाही. तिसरा_डाउन यांच्या मुद्द्यावर मात्र मला विचार करावा लागेल.

हडसनतीर

आपण सर्वजण चेंडूच्या एकाच बाजूला उभे राहून बोलत आहात. मी जायंट्सचा समर्थक आहे आणि माझे उत्तर वेगळे आहे. दुसरा पैसा समोरच्या क्वार्टरबॅकला पाडणाऱ्या माणसावर लावावा.

फेब्रुवारी २००८ मध्ये न्यू इंग्लंडचा संघ १८–० अशा अपराजित स्थितीत सुपर बोलला आला होता. आमच्याकडे क्वार्टरबॅकवर धावून जाणारे मायकेल स्ट्रॅहन, जस्टिन टक आणि ओसी युमेनियोरा होते. टॉम ब्रेडीला पाच वेळा सॅक केले आणि आम्ही १७–१४ असे जिंकलो. जगातील सर्वोत्तम क्वार्टरबॅक समोर असताना त्याची बरोबरी करणारा दुसरा क्वार्टरबॅक मिळणे अवघड असते. त्याला चेंडू फेकण्याचा वेळ न देणे हे त्या मानाने शक्य कोटीतील काम आहे. बाजारालाही हे कळले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ग्रीन बेने डॅलसकडून मायका पार्सन्सला घेतले, तेव्हा पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि केनी क्लार्क हा अनुभवी खेळाडू देऊन वर ४ वर्षांचा १८ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. क्वार्टरबॅक वगळता इतकी वार्षिक रक्कम तोवर कोणालाच मिळाली नव्हती.

जाता जाता रनिंग बॅकविषयी, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याविषयी, एक गोष्ट, कारण ती मला अजून सलते. सॅक्वॉन बार्कली आमच्याकडे २०२३ मध्ये चौदा सामन्यांत ९६२ यार्ड धावला, म्हणजे एका धावेला सरासरी ३.९ यार्ड. पुढच्या वर्षी तो फिलाडेल्फियाला गेला आणि २,००५ यार्ड धावला, एका धावेला ५.८ यार्ड. माणूस तोच, पाय तेच. पुढची पाच माणसे बदलली.

निशिगंध

हडसनतीर यांचे शेवटचे वाक्य वाचून राहवले नाही, म्हणून लिहीत आहे. माझा मुलगा टेक्सासमधील एका शाळेच्या संघात राइट गार्ड खेळतो. आम्ही मूळचे साताऱ्याचे. घरात कोणीही हा खेळ खेळलेला नव्हता. पहिल्या वर्षी मी चेंडूमागे डोळे फिरवत असे आणि सामना संपल्यावर मुलगा विचारी, "आई, मी कसा खेळलो?" तेव्हा मला उत्तर देता येत नसे, कारण मी त्याला पाहिलेलेच नसे. त्यानंतर मी ठरवून फक्त त्याच्याकडे पाहू लागले.

तेव्हा मला समजले की हे पाच जण एकमेकांशी सतत बोलत असतात. समोरचा बचाव जागा बदलतो, सेंटर बोट दाखवून काहीतरी ओरडतो, आणि पुढच्या दोन सेकंदांत पाचही जणांना आपापला माणूस कोण हे नव्याने ठरवावे लागते. समोरच्यांनी आडवे जाऊन जागांची अदलाबदल केली, तर गार्डने आपला माणूस टॅकलच्या हाती सोपवायचा आणि त्याचा आपण घ्यायचा. एकाने अर्धा क्षण उशीर केला की क्वार्टरबॅक खाली. हे काम वैयक्तिक ताकदीपेक्षा सवयीने होते, आणि सवय एकत्र खेळून लागते. मुलाच्या संघात एक सेंटर आजारी पडला, त्या आठवड्यात बाकीचे चौघे तेच असूनही लाइन कोसळली. त्यामुळे "टॅकल की रिसीव्हर" या प्रश्नाऐवजी "ही पाच माणसे किती काळ एकत्र राहतील" हा प्रश्न मला अधिक खरा वाटतो.

अनघा_डेट्रॉइट

निशिगंधताई, हा प्रतिसाद जपून ठेवला आहे. मुलाला शुभेच्छा!

मेघमल्हार

निशिगंध यांचे निरीक्षण उत्तम आहे. हडसनतीर यांना मात्र एक आठवण करून देतो. २०२४ च्या हंगामात लीगमधील सर्वाधिक सॅक, साडेसतरा, सिनसिनाटीच्या ट्रे हेंड्रिक्सनने केले. त्याच हंगामात बरोने लीगमध्ये सर्वाधिक यार्ड आणि सर्वाधिक टचडाउन फेकले आणि चेस १२७ झेल, १,७०८ यार्ड आणि १७ टचडाउन अशा तिन्ही गणनांत पहिला आला. क्वार्टरबॅक, रिसीव्हर आणि पास रशर (समोरच्या क्वार्टरबॅकवर चालून जाणारा) या सर्वांत महाग तीन जागांवर एकाच संघाकडे इतके मोठे खेळाडू होते. तो संघ ९–८ (नऊ विजय, आठ पराभव) वर राहिला आणि प्लेऑफला पोहोचला नाही.

तिसरा_डाउन

मेघमल्हार, आपण माझ्याच बाजूने पुरावा दिलात. त्या संघाचा बचाव बाकीच्या जागांवर इतका कच्चा होता की समोरचा संघ हेंड्रिक्सनपासून दूर खेळत राहिला. कॉर्नरबॅक आणि सेफ्टी, म्हणजे मागे राहून रिसीव्हरना झाकणारे, यांनाही साखळीचाच नियम लागू होतो. समोरचा क्वार्टरबॅक सर्वांत कच्च्या कॉर्नरबॅकला शोधून त्याच्याच डोक्यावरून चेंडू टाकतो.

पैशाचा हिशेबही पाहावा. बरो वर्षाला सरासरी ५ कोटी ५० लाख, चेस ४ कोटींहून थोडे अधिक आणि दुसरा रिसीव्हर टी हिगिन्स सुमारे २ कोटी ८७ लाख. हे तिघे मिळून १२ कोटी ४० लाख होतात. ते २७ कोटी ९२ लाखांपैकी सुमारे ४४ टक्के झाले. उरलेल्या ५० जणांना ५६ टक्के.

स्टीलसिटी

एक दुरुस्ती. करारातील वार्षिक सरासरी आणि त्या वर्षी कॅपवर पडणारा बोजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सही करताना दिलेली रक्कम हिशेबात जास्तीत जास्त पाच वर्षांत विभागता येते, त्यामुळे प्रत्यक्ष बोजा एका वर्षी सरासरीच्या निम्म्याहून कमी आणि दुसऱ्या वर्षी सरासरीपेक्षा जास्त असू शकतो. ४४ टक्के हा आकडा दिशा दाखवतो. तो कोणत्याही एका वर्षाचा हिशेब नाही.

आता मूळ विषय. लीग आणि खेळाडू यांच्यातील २०११ च्या कामगार करारापूर्वी ड्राफ्टमधील वरच्या खेळाडूंना अवाढव्य रकमा मिळत. २०१० चा पहिला खेळाडू सॅम ब्रॅडफर्ड याला ६ वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला. २०११ चा पहिला खेळाडू कॅम न्यूटन याला ४ वर्षांसाठी सुमारे २ कोटी २० लाख. तेव्हापासून ड्राफ्टमधील क्रमांकावरून पगार ठरतो, जागेवरून नाही. पाचव्या क्रमांकाचा गार्ड आणि पाचव्या क्रमांकाचा रिसीव्हर यांना पहिली चार वर्षे सारखेच पैसे मिळतात. म्हणून शहाणा संघ ड्राफ्टमध्ये बाजारात महाग असलेली जागा घेतो आणि बाजारात स्वस्त असलेली जागा बाजारातून भरतो. या हिशेबाने २०२१ मध्ये चेस घेणे योग्यच होते, कारण चार वर्षे सिनसिनाटीला अत्यंत महाग वस्तू स्वस्तात मिळाली. चूक झाली असेल, तर त्या चार वर्षांत वाचलेल्या पैशाचे काय केले, यात शोधावी लागेल.

सिएटलने हेच उत्तम रीतीने केले होते. रसेल विल्सन हा क्वार्टरबॅक २०१२ च्या तिसऱ्या फेरीतील, रिचर्ड शर्मन आणि कॅम चान्सलर हे बचावातील दोघे पाचव्या फेरीतील. हे सर्व कमी पगारावर असतानाच बाकीच्या जागांवर खर्च करून त्यांनी फेब्रुवारी २०१४ चा सुपर बोल ४३–८ असा जिंकला.

बफेलोची_थंडी

किकरचे नाव अजून कोणीच काढले नाही. जानेवारी १९९१, सुपर बोल, आठ सेकंद शिल्लक, ४७ यार्डांवरून स्कॉट नॉरवुडची किक उजवीकडून बाहेर गेली आणि आम्ही २०–१९ असे हरलो. मी तेव्हा येथे विद्यार्थी होतो. आजही आमच्या शहरात "वाइड राइट" हे दोन शब्द उच्चारले की लोक गप्प होतात.

स्टीलसिटी

बफेलोची_थंडी, ते दुःख खरे आहे. परंतु किकरसाठी मोठी निवड खर्च करणे क्वचितच फळते. टँपा बेने २०१६ मध्ये वरच्या क्रमांकावर सरकून दुसऱ्या फेरीत एक किकर घेतला आणि एका हंगामानंतर त्याला सोडले. अ‍ॅडम विनातिएरीला मात्र कोणीच ड्राफ्ट केले नव्हते, आणि त्याच्या ४८ यार्डांच्या किकने न्यू इंग्लंडने फेब्रुवारी २००२ मध्ये पहिला सुपर बोल जिंकला. किकर अत्यंत महत्त्वाचा असतो. कोणता किकर उत्तम ठरेल हे आधी ओळखता येत नाही, म्हणून तो स्वस्त मिळतो.

पर्वतीपायथा

म्हणजे महत्त्व आणि किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला आज समजले. तिसरा_डाउन यांच्या साखळीच्या मुद्द्यावर एक प्रश्न आहे. क्वार्टरबॅक सर्वोत्तम आहे आणि एकदा लाइन कच्ची, एकदा पक्की, असे एखाद्या संघाबाबत घडले आहे का? मग तुलना करता येईल.

तिसरा_डाउन

घडले आहे, आणि पाच वर्षांत तीन अंकांत घडले आहे. कॅन्सस सिटी आणि पॅट्रिक महोम्स.

फेब्रुवारी २०२१ चा सुपर बोल. दोन्ही टॅकल, एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ, जायबंदी. टँपा बेने महोम्सला सामनाभर पळायला लावले. त्याच्या संघाला एकही टचडाउन करता आला नाही आणि ते ३१–९ असे हरले. टायरीक हिल आणि ट्रॅव्हिस केल्सी हे चेंडू झेलणारे दोघेही त्या दिवशी मैदानावर होते, हे मेघमल्हार यांनी लक्षात घ्यावे.

त्यानंतर त्या संघाने पाचच्या पाच जागा बदलल्या. जो थुनी हा गार्ड बाजारातून ५ वर्षांसाठी ८ कोटी डॉलरला आणला, ऑर्लँडो ब्राउन हा टॅकल अदलाबदलीत आणला, क्रीड हम्फ्री हा सेंटर दुसऱ्या फेरीत आणि ट्रे स्मिथ हा गार्ड सहाव्या फेरीत घेतला. मार्च २०२२ मध्ये तर त्यांनी हिललाही मायामीला देऊन टाकले. फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये समोर फिलाडेल्फिया होती, जिने त्या हंगामात ७० सॅक केले होते. महोम्सला त्या सामन्यात एकदाही सॅक करता आले नाही आणि कॅन्सस सिटी ३८–३५ अशी जिंकली. पुढच्या वर्षीही तेच विजेते ठरले, हिलशिवाय.

तिसरा अंक फेब्रुवारी २०२५. लेफ्ट टॅकलची जागा हंगामभर भरून निघाली नाही, म्हणून थुनीला गार्डवरून तेथे हलवले, आणि त्यामुळे त्याची स्वतःची जागाही कमकुवत झाली. त्याच फिलाडेल्फियाने जादा माणसे न पाठवता, केवळ चौघांच्या बळावर, महोम्सला सहा वेळा पाडले. मध्यंतराला धावफलक २४–० होता, शेवट ४०–२२.

हडसनतीर

हाच सामना माझ्या बाजूनेही वाचता येतो! चार जणांनी दबाव आणला म्हणून बाकीचे सात जण मागे पसरून रिसीव्हर झाकू शकले. पास रशर चांगला असला की कॉर्नरबॅक आपोआप चांगला दिसतो.

अनघा_डेट्रॉइट

हडसनतीर, "पास रशर" म्हणताना आपण एकाचा विचार करता, परंतु त्या दिवशी जॉश स्वेट, मिल्टन विल्यम्स आणि त्यांच्या जोडीला पाळीपाळीने येणारे कितीतरी जण होते. जिंकणाऱ्या फिलाडेल्फियाच्या आक्रमणाची लाइनही पाहावी. लेफ्ट टॅकल जॉर्डन मैलाटा सिडनीत रग्बी लीग खेळत होता. २०१८ मध्ये सातव्या फेरीत २३३ व्या क्रमांकावर त्याला घेतले, तेव्हा त्याने अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. लाइनचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलँड यांनी त्याला घडवले. मग प्रशिक्षकावर लावलेला पैसा, जो कॅपमध्ये मोजलाच जात नाही, तो कोणत्या जागेच्या खात्यावर लिहायचा?

स्टीलसिटी

हा मुद्दा मला आजवर सुचला नव्हता. खेळाडूंच्या पगाराला मर्यादा आहे, प्रशिक्षकांच्या पगाराला नाही. ज्या जागेवरील कौशल्य शिकवून येते, तेथे प्रशिक्षक महागडा घ्यावा. ज्या जागेवर जन्मजात वेग लागतो, तेथे खेळाडू महागडा घ्यावा. या कसोटीवर रिसीव्हर, कॉर्नरबॅक आणि एज रशर (कडेवरून येणारा पास रशर) खेळाडूंच्या बाजूला जातात, गार्ड आणि सेंटर प्रशिक्षकाच्या बाजूला. टॅकल मध्येच कोठेतरी राहतो, कारण तितक्या उंच आणि तितक्या चपळ माणसाला शिकवून निर्माण करता येत नाही. मैलाटाची देहयष्टीही स्टाउटलँड यांनी दिलेली नव्हती.

ओहायोकाठ

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले आणि काल रात्री फेब्रुवारी २०२२ चा तो सुपर बोल मी पुन्हा लावला. हरलेला सामना पुन्हा पाहणे मला जमत नाही. हा मी साडेतीन वर्षांत प्रथमच पाहिला.

बरोला सात वेळा सॅक केले गेले, हे लक्षात होतेच. शेवटचा प्रसंग मात्र मी मनात चुकीचा साठवला होता. एका मिनिटाहून कमी वेळ शिल्लक, २०–२३, चौथा डाउन आणि एकच यार्ड हवा. माझ्या आठवणीत समोरच्या संघाचा अ‍ॅरन डोनाल्ड कडेवरून, टॅकलला चुकवून येत होता. प्रत्यक्षात तो मधूनच, गार्डच्या अंगावरून आला आणि त्याने बरोला धरून गरकन फिरवले. चेंडू कसाबसा सुटला आणि खाली पडला. सेवेल त्या दिवशी आमच्याकडून टॅकलला उभा असता, तरी तो त्या वाटेवर नसता. पडदा थांबवून मी ते दृश्य बराच वेळ पाहत बसलो.

त्यामुळे चेसऐवजी सेवेल घ्यायला हवा होता, हे माझे म्हणणे मी मागे घेतो. चार वर्षांपासून ते मी अनेकांना ऐकवले आहे. तिसरा_डाउन आणि निशिगंधताई यांच्या मुद्द्यांवरून आता माझे उत्तर असे बनले आहे की, दुसरा पैसा एका माणसावर लावूच नये. तो गार्ड, सेंटर, गार्ड या मधल्या तिघांवर मिळून लावावा आणि त्यांना तीन-चार वर्षे हलवू नये. एका पहिल्या दर्जाच्या रिसीव्हरच्या वार्षिक रकमेत दोन चांगले गार्ड येऊ शकतात. सहाव्या आणि सातव्या लाइनमनलाही त्यात धरले पाहिजे. जानेवारी २०२३ मध्ये आम्ही कॅन्सस सिटीत फायनलच्या उंबरठ्यावर २३–२० असे हरलो, तेव्हा नव्याने विकत घेतलेल्या लाइनमधील तीन मूळ खेळाडू दुखापतीमुळे बाहेर होते आणि बरोला पाच वेळा पाडले गेले. लाइन विकत घेतली होती. तिची राखीव फळी घेतली नव्हती.

हडसनतीर, आपले म्हणणे मात्र अजून पटलेले नाही. हेंड्रिक्सनचे साडेसतरा सॅक मी प्रत्येक रविवारी पाहिले, प्रत्येकावर उभा राहून टाळ्या वाजवल्या, आणि तरी जानेवारीत आमचे मैदान रिकामे होते. ग्रीन बेने पार्सन्ससाठी पहिल्या फेरीच्या ज्या दोन निवडी दिल्या, त्यांत दोन लाइनमन आले असते. आपण त्या दोघांऐवजी पार्सन्स का घ्याल, हे आकड्यांसह लिहावे; मी वाट पाहत आहे.